आधी टीव्हीची पाठ बघा

दसऱ्याच्या आसपास कोल्हापूर जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांची बॉयलर अग्निप्रदीपनाची निमंत्रणं निघतात, आणि तेव्हाच शिवाजी उद्यमनगरातल्या ऑटो इलेक्ट्रिकच्या दुकानांत एक प्रश्न ऐकू यायला लागतो: ट्रॉलीत नाहीतर कोपीत, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या झोपडीत, लावायला छोटा टीव्ही कुठला घ्यायचा, आणि तो चालवायचा कशावर? विचारणारा कधी ट्रॅक्टरमालक असतो, कधी टोळीचा मुकादम. आषाढीच्या आधी वारीला जाणाऱ्या दिंडीच्या ट्रकवालेही हेच विचारतात. हल्ली टेम्पो ट्रॅव्हलरचं फिरतं घर करून घेणारी हौशी मंडळीही आहेत. सगळ्यांची अडचण एकच. भिंतीतला प्लग नाही, आहे ती बॅटरी.

दुकानात शिरलं की आपण पडद्यासमोर उभे राहतो. रंग कसे, किती इंची, स्मार्ट आहे का. घरासाठी ते ठीक आहे. चाकावरच्या टीव्हीसाठी मात्र सेल्समनला सांगायचं, ‘भावा, जरा फिरव तो,’ आणि त्याची पाठ बघायची. तिथे एक चिठ्ठी चिकटवलेली असते. त्यावर ‘१००–२४० व्होल्ट एसी’ लिहिलं असेल आणि प्लगची केबल थेट टीव्हीच्या पोटात जात असेल, तर तो टीव्ही घरचा. ‘१२ व्होल्ट डीसी, ३ अँपिअर’ असं काही लिहिलं असेल आणि लॅपटॉपसारखा वेगळा अडॅप्टर सोबत येत असेल, तर तो आपल्या कामाचा. असे टीव्ही बहुतेक २४ इंचांपर्यंतच मिळतात. ३२ इंचांत क्वचित सापडतात, त्यापुढे शोधत बसू नका.

अडॅप्टरवाल्या टीव्हीचा इतका आग्रह कशाला? बॅटरीतून निघतात १२ व्होल्ट डीसी. इन्व्हर्टर लावला की तो त्याचे २३० व्होल्ट एसी करतो, मग टीव्हीचा अडॅप्टर त्या २३० चे परत १२ डीसी करतो. म्हणजे आधी वर चढवायचं आणि लगेच खाली उतरवायचं, आणि दोन्ही वेळा थोडी वीज उष्णता होऊन वाया घालवायची. छोट्या इन्व्हर्टरमध्ये साधारण १५ टक्के जातात, अडॅप्टरमध्ये जवळपास तितकेच. ३० वॅटचा टीव्ही मग बॅटरीतून ४२ वॅटच्या आसपास ओढतो. शिवाय टीव्ही बंद असला तरी चालू ठेवलेला इन्व्हर्टर स्वतःपुरते पाचसात वॅट खातच राहतो, रात्रभर. थेट डीसीवर हा सगळा खर्च वाचतो. घरी चांगला टीव्ही पडून आहे, तोच वापरायचाय, तर इन्व्हर्टर लावा, काही बिघडत नाही. फक्त ‘प्युअर साइन वेव्ह’ लिहिलेला घ्या. स्वस्तातल्या इन्व्हर्टरची लहर पायऱ्यापायऱ्यांची असते आणि तिच्यावर टीव्हीचा स्पीकर गुणगुणतो.

काही टीव्ही आणि मॉनिटरच्या अडॅप्टरवर १९ व्होल्ट लिहिलेलं असतं. त्यांना १२ चे १९ करून देणारा डीसी-डीसी कन्व्हर्टर लागतो. तो मिळतो, पण आणखी एक डबी वाढते. आणि एक सावधगिरी. घरच्या एसी टीव्हीबद्दल एखादा मेकॅनिक म्हणेल, ‘आत मदरबोर्डला १२ व्होल्टच जातात, पॉवर सप्लाय काढून थेट जोडून देतो.’ मदरबोर्डबद्दल तो बऱ्याचदा बरोबर असतो, पण पडद्यामागच्या एलईडी पट्ट्यांना त्याहून बरेच जास्त व्होल्ट लागतात आणि ते त्याच पॉवर सप्लायमधून येतात. ते जुळवत बसण्यात टीव्ही हातचा जातो. त्यात २३० व्होल्टवर चाललेल्या पॉवर सप्लायच्या कपॅसिटरवर सव्वातीनशेच्या आसपास व्होल्ट साठलेले असतात आणि प्लग काढल्यावरही काही वेळ राहू शकतात. त्या वाटेला जाऊ नये.

आकाराबद्दल फार डोकं लढवू नका. ट्रॉलीत किंवा कोपीत बघणारा माणूस पडद्यापासून फार तर दोन मीटरवर असतो, त्याला २४ इंच पुरतो. त्या आकाराला एचडी रेडी चालतो, फोर-के वगैरे इथे नुसता भपका. खरी बघायची गोष्ट पॅनेल आहे. कोपीत खुर्च्या मांडून समोर कोणी बसत नाही. कोणी खाली बसतं, कोणी आडवं होतं, पोरं बाजूला, आणि टीव्ही वर कुठेतरी बांधलेला. ‘टीएन’ जातीचं स्वस्त पॅनेल खालून बघितलं तर माणसांचे चेहरे काळेनिळे दिसतात. ‘आयपीएस’ पॅनेल कुठूनही बऱ्यापैकी सारखं दिसतं. खोक्यावर लिहिलेलं नसेल तर दुकानातच टीव्ही लावायला सांगा आणि त्याच्यासमोर उकिडवे बसून बघा. लोक हसले तर हसू देत.

आता बॅटरी. इथे जरा हिशेब करावा लागतो, पण तो पाढ्यांइतकाच अवघड आहे. वॅट भागिले व्होल्ट म्हणजे अँपिअर. २४ इंची एलईडी टीव्ही साधारण २५ ते ३५ वॅट घेतो, सेटटॉप बॉक्स आठ-दहा. दोन्ही मिळून ४० वॅट धरू. ४० भागिले १२, म्हणजे सव्वातीन अँपिअर. संध्याकाळी सात ते अकरा टीव्ही चालला तर बॅटरीतून रोज तेरा-साडेतेरा अँपिअर-तास गेले. बॅटरीवर लिहिलेला ‘एएच’ आकडा हाच. १०० एएचची बॅटरी म्हणजे कागदावर १०० अँपिअर-तास.

कागदावर म्हणायचं कारण, लेड-ॲसिड बॅटरी पूर्ण रिकामी करायची नसते. निम्म्यापर्यंत वापरली तर वर्षानुवर्षं टिकते, रोज तळ गाठला तर एका हंगामात बसते. म्हणजे १०० मधले ५० आपले. त्यातही ट्रॅक्टरची बॅटरी वेगळ्या जातीची आहे. ती सेल्फ मारण्यासाठी बनवलेली असते. तिच्यात पातळ प्लेटा भरपूर असतात, काही सेकंद शेकडो अँपिअर द्यायचे आणि मग अल्टरनेटरने, म्हणजे इंजिनवर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्राने, तिला लगेच भरून टाकायचं, हे तिचं काम. तासन् तास थोडं थोडं देत राहणं तिला मानवत नाही. ते काम घरच्या इन्व्हर्टरला असते त्या जाड प्लेटांच्या ट्यूब्युलर बॅटरीचं.

ट्रॅक्टर रोज फड ते कारखाना पळत असेल, तर तेरा अँपिअर-तास काढलेले कळणारही नाहीत. खरा घोळ गाडी उभी राहिल्यावर होतो. यार्डात नंबर अडकला, कारखान्याचं गाळप ब्रेकडाऊनमुळे थांबलं, नाहीतर अवकाळी पावसाने फडात चिखल झाला. दोन-तीन दिवस इंजिन सुरू नाही, आणि बसून राहिलेली माणसं टीव्ही दुप्पट वेळ बघतात. तिसऱ्या दिवशी डिसेंबरातल्या पहाटे चारला सेल्फ मारला की नुसतं ‘टक्’. मागे उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या, ढकलायचं कोणी?

म्हणून माझं मत पक्कं आहे: टीव्हीला वेगळी बॅटरी. तिला बऱ्याचदा टीव्हीइतकेच पैसे पडतात हे मान्य, तरीही वेगळीच. ती भरायची ट्रॅक्टरच्याच अल्टरनेटरवर, पण मध्ये व्होल्टेज बघून जोडणारा रिले टाकून. इंजिन सुरू झालं, व्होल्टेज साडेतेराच्या आसपास गेलं, की हा रिले दोन्ही बॅटऱ्या जोडतो. इंजिन बंद झालं आणि व्होल्टेज उतरलं की तोडतो. मग टीव्हीची बॅटरी कितीही उतरली तरी सेल्फची बॅटरी शाबूत. दोन बॅटऱ्यांमधली वायर जाड हवी, किमान सहा चौरस मिलिमीटर, आणि दोन्ही टोकांना फ्यूज. निम्मी उतरलेली ट्यूब्युलर भरायला चार-सहा तास इंजिन चालावं लागतं. उसाच्या ट्रॅक्टरला ते रोजचंच आहे. दिंडीच्या ट्रकला नाही, कारण तो मुक्कामापासून मुक्कामापर्यंत जेमतेम तासभर चालतो. त्याला सोलर बरं, ते पुढे सांगतो.

लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी वजनाने लेड-ॲसिडच्या निम्म्याहून कमी आणि जवळपास सगळी वापरता येते. पण ती अल्टरनेटरमधून इतक्या हावरटपणे करंट ओढते की तो तापून जळू शकतो. तिला मध्ये खास डीसी-डीसी चार्जर लागतो. हौशी कॅरॅव्हॅनवाल्यांनी घ्यावी, ट्रॉलीसाठी मला ती परवडणारी वाटत नाही.

ट्रकवाल्यांसाठी एक वेगळी गोष्ट. मोठ्या ट्रकमध्ये १२ च्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. टीव्ही १२ चा म्हणून त्यातल्या एकाच बॅटरीवरून वायर काढायचा मोह होतो आणि टीव्ही चालतोही. पण ती एक बॅटरी रोज उतरते, दुसरी भरलेली राहते. अल्टरनेटर दोघींना एकत्रच भरतो, त्यामुळे एक सतत अर्धपोटी आणि दुसरी जास्त भरून उकळते. काही महिन्यांत दोन्ही जातात. २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर दोन्ही बॅटऱ्यांवर मिळूनच लावायचा.

‘१२ व्होल्ट’ हा शब्दही जरा फसवाच आहे. आराम करत असलेली भरलेली बॅटरी १२.७ दाखवते, निम्मी १२.२, आणि ११.८ च्या आसपास आली की ती रिकामी समजायची. इंजिन चालू असताना हाच आकडा १४.४ पर्यंत जातो. सेल्फ मारताना क्षणभर नऊ-दहावर कोसळतो. टीव्हीच्या पाठीवर मात्र नुसतं ‘१२’ लिहिलेलं. काही टीव्ही हे चढउतार पचवतात, काही पहिल्याच आठवड्यात डोळे मिटतात. मध्ये एक बक-बूस्ट कन्व्हर्टर टाकला की प्रश्न मिटतो: नऊपासून अठरापर्यंत काहीही आत घाला, बाहेर १२ च येतात. टीव्हीच्या अडॅप्टरवर ३ अँपिअर लिहिलं असेल तर कन्व्हर्टर ५ अँपिअरचा घ्या. टीव्हीत घुसणाऱ्या पिनचं आतलं टोक प्लस की बाहेरचं, हे अडॅप्टरवरच्या छोट्या गोल चिन्हात दाखवलेलं असतं. बहुधा आतलं प्लस असतं, पण मीटर लावून बघितल्याशिवाय जोडू नका.

वायरकडे लोक सगळ्यात कमी लक्ष देतात आणि तिथेच चित्र जातं. नदीवरून शेतात पाणी आणताना लांब आणि बारीक पाइप टाकला तर टोकाला धार लागत नाही, तसंच १२ व्होल्टचं आहे. ट्रॉलीपासून कोपीपर्यंत सहा मीटर अंतर असेल तर जाऊन-येऊन बारा मीटर वायर झाली. स्पीकरला वापरतात तसल्या अर्धा चौरस मिलिमीटरच्या वायरीतून ३ अँपिअर नेले तर वाटेतच १.३ व्होल्ट जातात. बॅटरी १२ वर असेल तर टीव्हीला १०.७ पोचतात, आणि ‘बॅटरी नवी आहे तरी टीव्ही बंद पडतो’ म्हणून दुकानदाराशी भांडण सुरू होतं. तेच अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर टाकली तर पाव व्होल्टच जातो. कन्व्हर्टर टीव्हीजवळ लावला तर उरलेली कसरही तो भरून काढतो. आणि प्लस-मायनस दोन्ही वायरी बॅटरीपासूनच आणा. मायनस म्हणून ट्रॉलीच्या लोखंडावर भरवसा ठेवू नका. गंज आणि मातीतून अर्थिंग कधी सुटतं ते कळत नाही.

फ्यूजबद्दल मात्र मी हटून सांगेन. १२ व्होल्टचा झटका बसत नाही, म्हणून लोकांना वाटतं यात धोका कसला. झटका बसत नाही, आग लागते. बॅटरीची दोन टोकं कुठेतरी वायर सोलली जाऊन एकमेकांना टेकली तर शेकडो अँपिअर वाहतात आणि वायर लालबुंद होते. ती वायर जाते कुठून? पाचटाच्या आणि प्लॅस्टिकच्या कोपीतून, शेजारी वाळलेलं वाडं. म्हणून पाच अँपिअरचा फ्यूज, आणि तोही बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरातच. टीव्हीपाशी लावलेला फ्यूज टीव्ही वाचवेल, मधली वायर नाही. फ्यूज उडाला तर त्याजागी तार गुंडाळायची नाही, उडाला का ते शोधायचं. बॅटरीही कोपीत ठेवू नका. चार्ज होताना लेड-ॲसिडमधून हायड्रोजन निघतो, आणि आत चूल पेटलेली असते. ट्रॉलीच्या कडेला उघड्यावर पेटी करून ठेवा, वर झाकण, बाजूला भोकं.

वीज झाली, आता चित्र कुठून आणायचं? टीव्हीबरोबर काठीची अँटेना देतो म्हणणाऱ्याला नको म्हणा. दूरदर्शनने देशातली बहुतेक जुनी ॲनालॉग प्रक्षेपण केंद्रं २०२२ पर्यंत बंद केली. महिन्याचे पैसे न भरता चालणारा सोपा मार्ग म्हणजे डीडी फ्री डिश, २००४ साली ‘डीडी डायरेक्ट प्लस’ म्हणून सुरू झालेली. एकदा छत्री आणि बॉक्स घ्यायचा, सह्याद्री वाहिनीही त्यात येते. २००७ च्या कायद्यामुळे भारताचे महत्त्वाचे क्रिकेट सामने डीडी स्पोर्ट्सवर दिसतात. आयपीएल त्यात धरू नका. बॉक्सचा अडॅप्टरही बहुधा १२ व्होल्टचाच असतो, म्हणजे त्याच कन्व्हर्टरवर टीव्ही आणि बॉक्स दोन्ही. दोघांच्या अँपिअरची बेरीज कन्व्हर्टरच्या आकड्याच्या आत असली म्हणजे झालं.

छत्री लावायला दरवेळी माणूस बोलवायची गरज नाही. फ्री डिशचा उपग्रह ९३.५ अंश पूर्व रेखांशावर, विषुववृत्ताच्या वर जवळपास ३६,००० किलोमीटरवर आहे. कोल्हापुरातून तो आग्नेयेला, किंचित पूर्वेकडे झुकून दिसतो: मोबाइलच्या होकायंत्रात १२९ अंश, आणि क्षितिजापासून साधारण ६० अंश वर. बीडमध्ये तो १३६ अंशांवर असतो आणि उंची जवळपास तीच. म्हणजे बीडहून आलेल्या टोळीने छत्रीचा तिरपेपणा तसाच ठेवावा, फक्त सातेक अंश पूर्वेकडे वळवावी. छत्री बघताना ती ६० अंशांपेक्षा बरीच उभी वाटते, त्याने गोंधळू नका. या छत्र्यांचं तोंड मुद्दाम असं बनवलेलं असतं की वरून आलेले किरण परावर्तित होऊन खालच्या बाजूच्या एलएनबीवर, म्हणजे दांड्याच्या टोकाच्या सिग्नल पकडणाऱ्या डबीवर, पडतात. सिग्नलचा पट्टा वर जाईपर्यंत आधी छत्री सावकाश फिरवायची आणि मग एलएनबीही जागच्या जागी थोडी थोडी वळवायची. उपग्रह इतका वर असल्याने उभा ऊस आडवा येत नाही, छत्री बांधापासून दोन-तीन मीटर लांब असली की पुरे. जवळचं आंब्याचं झाड मात्र आडवं येतं. छत्री ट्रॉलीला बांधू नका, पोरं चढली-उतरली की ट्रॉली हलते. लोखंडी पाइपाचं तीन पायांचं स्टँड जमिनीवर ठेवून त्यावर दगड रचा. चालत्या गाडीत मात्र ही छत्री चालणार नाही. उपग्रहावरचा नेम दोन-तीन अंशांनी चुकला तरी चित्र जातं.

चालत्या गाडीत बघायचं तर मोबाइलचा नेट. शाहू स्टेडियमवरचे पेठांचे फुटबॉल सामने यूट्यूबवरच लाइव्ह दिसतात, त्यामुळे जुना बुधवार, मंगळवार पेठेतल्या माणसाला फ्री डिशचं कौतुक सांगून उपयोग नाही. एचडी चित्राला तासाला दीड ते तीन जीबी जातात, हे धरून चाला. गगनबावड्याच्या बाजूला रेंजचा भरवसा नाही. बघायचं ते आधी पेन ड्राइव्हवर उतरवून घेतलेलं बरं, म्हणून टीव्हीला यूएसबी आणि एचडीएमआय दोन्ही असावेत. आणि पडदा चालवणाऱ्याला दिसेल असा लावू नये. ऊसगाडी चालवणाऱ्याची नजर रस्त्यावरच हवी.

सोलरचं थोडक्यात. हिवाळ्यात आपल्याकडे १०० वॅटचं पॅनेल दिवसाला ३०० वॅट-तासांच्या आसपास देतं, आणि आपल्या टीव्हीची संध्याकाळ १६० मध्ये भागते. मध्ये बॅटरी जास्त भरू न देणारा चार्ज कंट्रोलर हवाच. आषाढातल्या ढगांत तेच पॅनेल निम्म्यावर किंवा त्याहून खाली येतं, त्यामुळे दिंडीवाल्यांनी २०० वॅटचा विचार करावा.

मालवणकडे नातेवाइकांची होडी असणाऱ्यांसाठी एवढंच: वरचं सगळं तसंच लागू, फक्त वायर टिनचा मुलामा दिलेली घ्या आणि प्रत्येक जोडाला ग्रीस लावा, खारी हवा साधं तांबं हिरवं करून टाकते. आणि पाण्यावर छत्रीचा नाद सोडा, नांगर टाकलेली होडीसुद्धा सारखी तोंड फिरवत असते.

टीव्ही भिंतीला अडकवायच्या स्टँडवर कायमचा ठोकून ठेवू नका. फडातल्या वाटेवर रिकामी ट्रॉली जशी उडते, तिथे पडद्याचा कोपरा सहज तडकतो. हलताना टीव्ही काढायचा, गोधडीत गुंडाळायचा, उभाच ठेवायचा, आडवा टाकून वर बोचकी रचायची नाहीत. हंगाम संपून गावी गेल्यावर ट्यूब्युलर बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर घाला, पूर्ण चार्ज करा, वायरी सोडवा, आणि महिन्या-दीड महिन्याने एकदा परत चार्जिंगला लावा. अर्धी उतरलेली बॅटरी पावसाळाभर तशीच कोपऱ्यात ठेवली तर प्लेटांवर सल्फेट धरतं आणि पुढच्या दसऱ्याला ती वजन करून भंगारात द्यायच्या लायकीची उरते.